झाडतोडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुबाभळीचे कोंब उपटणं. मागच्या भादव्यातली सकाळ होती. जमीन ओली होती, कोंब मुळासकट येत होते. ही माळावरच्या टेकाडाच्या उगवतीच्या अंगानं बसली होती, मी मावळतीच्या. मधूनमधून तिची बडबड ऐकू यायची. माझ्याशी बोलते की कोंबांशी, ते कळत नसे, आणि मी विचारतही नसे. ऊन चढलं तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "बस झालं आता. उरलेलं उद्या." मग चहूकडं नजर फिरवली आणि मी विचारायच्या आधीच मोठ्यानं म्हणाली, "एकबी नाही."

मी बंडी जुंपली. कोंबांचा भारा शेळ्यांसाठी बांधून घेतला. ती मागच्या बाजूला पाय खाली सोडून बसली, नेहमीसारखी. घरी आल्यावर मुगाच्या शेंगा सोलल्या, मला वाढलं, आणि वरून म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे. सांगू नका, मले माईत आहे." दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायला मी बैल जुंपले, तोवर सगळं संपलं होतं. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आलो.

तिचं नाव गिरजा. पण गावात तिला झाडतोडी म्हणत. लोक झाडं लावून नाव कमावतात, हिनं तोडून कमावलं. मी चौथीपर्यंत शिकलेला बंडीवाला माणूस. लिहिणं हे काही माझं काम नाही. पण तिच्यामागं लोक तिची गोष्ट अर्धीच सांगून राहिले आहेत, आणि अर्धी गोष्ट मला ऐकवत नाही.

आमचं गाव नागपूरच्या दक्षिणेला. तेव्हा एस.टी. सकाळी एक यायची, संध्याकाळी एक. गावाबाहेर माळ आहे, माळाच्या मधोमध मुरमाचं बसकं टेकाड. त्या माळाशी आमचा संबंध ढोरं चारण्यापुरता. तो वाढला पाखरंवाल्या बाईंमुळं. बाई नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. पाचवारी पातळ, त्याखाली कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दुर्बीण, अशा त्या एस.टी.तून उतरल्या तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं. त्यांना माळढोक मोजायचे होते. आमच्याकडं त्याला हूम म्हणतात. कमरेएवढं उंच पाखरू, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी. पावसाळ्यात नर टेकाडावर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवून जमिनीपर्यंत सोडतो, शेपूट पाठीवर टाकतो आणि आवाज काढतो. रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी हाक मारावी तसा. आमच्या बापजाद्यांनी हूम मारून खाल्ला होता. तो मोजायचा असतो, हे कोणाच्या डोक्यात नव्हतं.

बाई त्याआधी जीपनं येऊन गेल्या होत्या. जीप दिसली की हूम उडायचा. पायी गेलं तरी उडायचा. पण बैलबंडीला तो भीत नाही. रोज बघतो ना. फक्त बंडी थांबली की त्याला संशय येतो. म्हणून बाईंना बंडी हवी होती, आणि न थांबणारी हवी होती. चालत्या बंडीतून पलीकडच्या अंगानं गवतात उतरायचं, बंडी पुढं जाऊ द्यायची, फेरा मारून ती परत आली की चालतीतच चढायचं. मी हो म्हटलं.

घरी सांगितलं तर ही भाकर तव्यावर टाकून उठली.

"तुमी एकटे त्या बाईले माळावर नेनार?"

"मग?"

"मग काय मग? मीबी येनार. सोबत पायजे."

दुसऱ्या दिवशी ही आधीच बंडीत जाऊन बसली. बाईंना बरं वाटलं. म्हणाल्या, "माझी काळजी वाटली का तुम्हाला, गिरजाबाई?"

"तुमची नाही बाई," ही म्हणाली, "माझ्या मानसाची वाटली. गावाचं तोंड लय मोठं आहे."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्या दोघींचं तिथंच जमलं. मी आपला बैलांच्या मागं.

पहिल्याच दिवशी बाई चालत्या बंडीतून उतरताना उताण्या पडल्या. ही ओरडली, "आगं माय वं!" आणि समोरचा हूम पंख पसरून निघून गेला. बाई अंग झाडत उठल्या तेव्हा हिनं विचारलं, "कॉलेजात काय, पडाले शिकवता?" तरी चूक आपली आहे हे तिला कळलं. त्या दिवसापासून टेकाड जवळ आलं की ही तोंडात पदर कोंबून बसायची. जिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं ती. एखादे वेळी माळावरून घरी आलो की मी म्हणायचो, "पदर काहून काढला? राहू दे ना तसाच." मग मला जेवायला उशीर व्हायचा.

बाईंचा एक नियम होता. फेरी संपली की त्या विचारायच्या, "किती?" आणि उत्तर मोठ्यानं द्यावं लागायचं. दिसले तेवढे सांगायचे. एकही दिसला नाही तर तेही सांगायचं, नुसती मान हलवून चालत नसे. आधी आम्हाला ते खुळचट वाटायचं. ही एकदा म्हणालीच, "दिसलं नाही त्याचं काय सांगाचं वं बाई?"

बाई म्हणाल्या, "आपण आलो, पाहिलं, आणि नव्हता, ही माहिती आहे. आपण आलोच नाही तर काहीच माहीत नाही. या दोन गोष्टी एक नाहीत."

हिनं तो नियम घरात आणला. साखर संपली की मला डबा दाखवून म्हणायची, "एकबी दाना नाही." पोरीला बघायला कामठीहून पाहुणे आले. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं शिकलेलं कोण? ही सरळ म्हणाली, "एकबी नाही." मी खाली बघत बसलो. पाहुण्यांना मात्र ती आवडली. तिथंच सोयरीक झाली.

दुसरी गोष्ट तिच्या मनाला लागली ती अंड्याची. हुमाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, काडीचंही घरटं न करता. बाईंनी लांबून दाखवलं. ही म्हणाली, "एकच? आन् तेबी असं? कोंबडीले तरी अक्कल असते." बाई म्हणाल्या, "म्हणूनच मोजते गिरजाबाई. ते एक गेलं की तिचं ते वर्ष गेलं." त्यानंतर ढोरं चारणाऱ्या पोरांची खैर राहिली नाही. कोणाचं ढोर त्या बाजूला दिसलं की ही बांधावरून शिव्या द्यायची. गावात कोणी हुमाचा माग काढतो असं कानावर आलं, तर त्याच्या दारात उभी राहून त्याच्या बायकोला ऐकवायची. नवऱ्याला नाही. म्हणायची, "नवरे ऐकत नसतात. बायका ऐकवतात."

असे काही पावसाळे गेले. कधी टेकाडावर दोन नर असायचे, कधी तीन. मग बाईंना राजस्थानात जावं लागलं. तिथल्या वाळवंटातही हाच हूम आहे, तो त्यांना मोजायचा होता. जाताना त्या हिच्या हाताला धरून म्हणाल्या, "टेकाडाकडं लक्ष ठेवा."

आता लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि हिला ते विचारावंसं वाटलं नाही. ही शेतकऱ्याची लेक. लक्ष ठेवायचं म्हणजे नुसतं बघत बसायचं, हे तिच्या रक्तात नव्हतं. लक्ष म्हणजे पाणी, खत, कुंपण. टेकाडाकडं बघून तिच्या डोक्यात एकच यायचं, बिचारं पाखरू एवढ्या उन्हात नाचते, वर पानाची सावली नाही. त्याच सुमारास नर्सरीतून सुबाभळीची रोपं फुकट मिळत होती. गावोगावी झाडं लावायचं वेड होतं. हिनं बंडीभर रोपं आणली. टेकाडाच्या चहू अंगांनी आणि माथ्यावर लावली. मुरमात खड्डे मी खणले, हात सोलून निघाले. उन्हाळाभर बंडीत पाण्याचा पिंप ठेवून आम्ही माळावर जायचो. ही एकेका रोपाला तांब्यानं पाणी द्यायची आणि म्हणायची, "मोठं हो रे. बाई येऊन राहिल्या."

रोपं जगली. सुबाभूळ कशीही जगते, पण तेव्हा आम्हाला तो हिच्या हाताचा गुण वाटला. गावालाही वाटला. पंधरा ऑगस्टला सरपंचांनी शाळेसमोर हिला पुढं बोलावलं. नारळ दिला, खण दिला. बोडक्या माळाचं जंगल करणारी माउली, असं काहीतरी भाषणात म्हणाले. आमच्या घरात त्याआधी कोणाचा सत्कार झाला नव्हता. हिनं खण शिवला नाही. ट्रंकेत ठेवला. कोणी आलं की काढून दाखवायची आणि वर म्हणायची, "कापड काई खास नाही."

त्या पावसाळ्यात टेकाडावर हूम आला नाही. ही म्हणाली, झाडं अजून लहान आहेत, सावली पडत नाही, पुढच्या वर्षी येईल. पुढच्या वर्षी झाडं माणसाच्या खांद्याला लागली. हूम आला नाही.

आणि बाई आल्या. उन्हानं काळ्या पडलेल्या. हिनं त्यांना धड चहा पिऊ दिला नाही. बंडीत बसवलं आणि टेकाडाशी आल्यावर म्हणाली, "आता थांबवा बंडी. बाईले नीट पाहू द्या." बाई उतरल्या. चहूकडं फिरल्या. एका झाडाला हात लावला. मग खाली बसल्या आणि पाणी मागितलं.

"खूप मेहनत घेतलीत," त्या म्हणाल्या.

"बाई, गोड बोलू नका," ही म्हणाली. "तुमचं तोंड उतरलं आहे. काय झालं ते सांगा."

बाईंनी सांगितलं. आवाज चढवला नाही, की दोष दिला नाही. नर टेकाडावर नाचतो तो लांबच्या मादीला दिसावा म्हणून. आणि नाचतानाही त्याचा डोळा चहूकडं असतो, कोल्हा कुठून येतो, माणूस कुठून येतो. त्यांनी वाळवंटात पाहिलं होतं, नजर जाईल तिथवर झाड नाही आणि तिथं हूम थव्यानं चरतात. "त्याला सावली नको असते गिरजाबाई. त्याला लांबवर दिसायला हवं असतं."

"म्हंजे मी त्याले हाकलला?"

हिनं पदर तोंडात कोंबला. हूम उडेल या भीतीशिवाय कोंबला, तो एवढाच एकदा. बाई संध्याकाळच्या एस.टी.नं निघाल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तोडा असं मी म्हणणार नाही. तुमच्या हातची आहेत."

मग आमच्या घरात वाईट दिवस आले. ही भांडी आपटायची. मला म्हणायची, "झाड लावनं पाप आहे काय? साऱ्या दुनियेत पुण्य आन् आमच्याच माळावर पाप?" मी म्हणालो, बाई शिकलेल्या आहेत. तर म्हणाली, "शिकलेल्या आहेत म्हनून खऱ्या नाही. पाहीन मी." 

एके दिवशी सकाळी ती घरात नव्हती. मी माळावर गेलो. टेकाडाच्या माथ्यावर, झाडांच्या मधोमध, ही उकिडवी बसली होती. मला बघून म्हणाली, "इकडं या. बसा. असे नाही, उकिडवे. हूम एवढाच असते ना उंच?"

मी बसलो.

"काय दिसते?"

"पाला."

"इकडं?"

"पालाच."

"कोल्हा आला तं दिसन काय?"

"नाही."

"बाई खऱ्या आहेत," ती म्हणाली. "उठा. घरून कुऱ्हाड आना."

मी कुऱ्हाड आणली. मला हात लावू दिला नाही. "मी लावले, मीच तोडनार," म्हणाली. मी बंडीत बसून राहिलो. प्रत्येक घाव माझ्या छातीत लागत होता, कारण ते पाणी मी वाहिलं होतं. ती रडत नव्हती. ज्या झाडांना तिनं मोठं हो म्हटलं होतं, त्यांना तोडताना तिनं एक अक्षर उच्चारलं नाही. दोन-तीन दिवस हे चाललं. टेकाड पुन्हा बोडकं झालं.

सरपंच चार माणसं घेऊन दारात आले. "वयनी, हे काय केलं तुमी? आमी तुमचा सत्कार केला!"

"चुकीचा केला," ही म्हणाली.

"गावाची इज्जत गेली. बाहेर समजलं तं काय सांगाचं आमी?"

"सांगा का गिरजाले समजत नवतं, तवा लावले. समजलं, तवा तोडले."

"असं कोनी करते काय वं?"

ती आत गेली, ट्रंकेतून खण काढला आणि त्यांच्या हातात दिला. "घ्या. शिवला नाही. नारळ मातर खाल्ला आमी. तो आता वापस मिळत नाही." सरपंचांबरोबरच्या एकाला हसू आवरलं नाही. सरपंच खण काखेत मारून गेले. त्या संध्याकाळपासून ती झाडतोडी झाली. पोरं मागून ओरडायची. नळावर बायका तिला जागा देत नसत. तिनं ते नाव परत करायचा प्रयत्न केला नाही. पुढं तर कोणी अनोळखी माणसानं दारात विचारलं की स्वतःच सांगायची, "झाडतोडीचं घर हेच."

पण सुबाभूळ तोडली म्हणून मरत नाही. एका बुंध्यातून पाच फुटतात, शेंगा पडल्या होत्या तिथून नवीन उगवतात. म्हणून दर पावसाळ्यात आम्ही दोघं जायचो आणि कोंब उपटायचो. दुसऱ्या पावसाळ्यात, बाई सोबत होत्या, बंडी टेकाडाला वळसा घालत होती आणि तो आवाज आला. रिकाम्या रांजणातला. माथ्यावर एक नर उभा होता, पांढरी पिशवी लोंबवून, चहूकडं मोकळं बघत. मी बंडी थांबवली नाही. मागं वळून बघितलं तर हिच्या तोंडात पदर आणि डोळ्यांतून धार. बाईंनी पुढं गेल्यावर विचारलं, "किती?" तिला पदर काढायला वेळ लागला. मग म्हणाली, "एक. पुरा एक."

तो एक तीन-चार वर्षं यायचा. पुढं माळाच्या कडेकडेनं नांगर फिरला, सोयाबीन आलं, गवत आकसत गेलं. टेकाड मुरमाचं, म्हणून वाचलं. बाई रिटायर होऊन इंदूरला भावाकडं गेल्या. हूम एका वर्षी आला नाही, मग कधीच आला नाही. मी हिला म्हणालो, आता काहून जायचं? बाई नाहीत, पाखरू नाही, कोणी विचारत नाही. सोड आता.

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी परक्या गावचा.

"आला तं त्याले उभं राह्याले जागा तं पायजे," ती म्हणाली. "एकडाव माझ्या हातानं बंद केली होती. आता माझ्या हातानं उघडी ठेवीन."

आणि ठेवली. दर पावसाळ्यात, गुडघे दुखायला लागले तरी. गेली की आधी कोंब उपटायचे, मग माथ्यावर उभं राहून बघायचं, मग जे असेल ते मोठ्यानं सांगायचं. मी पुष्कळ माणसं पाहिली. चुका करणारी पाहिली, त्या झाकणारी पाहिली, त्यांच्यावर रडत बसणारी पाहिली. चूक दिसल्याबरोबर उठून कुऱ्हाड मागणारी एकच पाहिली, आणि ती माझ्या घरात होती, हे माझं नशीब.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. पोरगी कामठीहून आली होती. मी बैल बाहेर काढले तशी ती धावत आली. "बाबा, कुठं चालले? सुतक आहे. लोक काय म्हनतील?"

"उरलेलं आहे," मी म्हणालो.

ती बाजूला झाली.

टेकाडाच्या उगवतीच्या अंगाला तिनं जिथं सोडलं होतं तिथं जागा स्पष्ट दिसत होती. इकडं साफ, तिकडं कोंब. मी तिथं बसलो आणि उपटत गेलो. जमीन अजून ओली होती. सगळं झाल्यावर माथ्यावर जाऊन उकिडवा बसलो, तिनं बसवलं होतं तसा. चहूकडं मोकळं होतं. गवत, त्यापलीकडं सोयाबीन, त्यापलीकडं आभाळ. विचारणारं कोणी नव्हतं. तरी मोठ्यानं म्हणालो, "एकबी नाही."

मग भारा तिच्या जागेवर ठेवला आणि बंडी घराकडं वळवली. वाटेत कुठं थांबवली नाही.